कापलेली स्ट्रिप परत घेतली जाणार नाही

ही पाटी मीच लिहिलीय,
निळ्या स्केचपेननं, सलाईनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर.
'जाणार'मधला र उन्हानं उडालाय.

जयगडच्या जेटीवरून चढ चढून आलं
की बर्फाच्या फॅक्टरीला लागून आमचं मेडिकल.
मालक रत्नागिरीला असतात.
गल्ल्यावर मी
आणि सुतळीनं बांधलेली एक कात्री.

पंधराच्या स्ट्रिपचे चार तुकडे कसे करायचे
हे डी. फार्मला शिकवत नाहीत.
मथुराकाकी डोर्लेकर लिलाव आटपून यायच्या,
हाताला बांगड्याचा वास, नोटा ओल्या.
"चार दे." कधी, "तीनच दे."
कसल्या ते सांगायच्या नाहीत. मला ठाऊक असायचं,
हरेश्वरकाकांच्या, प्रेशरच्या. एक गोळी तेवीस रुपयांची.
त्यांची स्ट्रिप मी वेगळी ठेवायचे, रबर लावून.
औषधाच्या नावाचा एक तुकडा त्यांच्या कनवटीला जायचा,
उरलेलं नाव माझ्या खणात.
तारखेचं टोक शेवटी कापायचं,
नियमच आहे तसा.

एकदा म्हटलं, काकी, रत्नागिरीला स्वस्तातलं दुकान आहे,
औषध तेच, नाव वेगळं.
त्यांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला.
"तिकीट अर्धा गो बाईमानसाला,
पन दिस अख्खा जातो."
तरी एकदा गेल्या. महिन्याच्या घेऊन आल्या.
त्या गोळ्या पांढऱ्या निघाल्या, आमच्या गुलाबी.
काकांनी तळहातावर घेऊन उलटसुलट केल्या
आणि खोबणीत ठेवून दिल्या:
"ह्या माझ्या न्हाईत."

जूनला होड्या वर ओढून शाकारतात.
बंदी दर्याला असते,
प्रेशरला नसते.
तेव्हा वही.
श्रावण येईतो वहीतलं माझं अक्षर
मुंगीएवढं होतं, पान पुरावं म्हणून.

नोव्हेंबरात काका पडले.
जाळं सांधत होते. सुई हातातून सुटली
ती हाताला पुन्हा धरता आली नाही.
सतरा दिवस सिव्हिलला.
आता तोंड एका बाजूला, आणि शब्द
तोंडाच्या दुसऱ्या बाजूला अडकलेले.

आज काकी आल्या. भर दुपारी, लिलाव नसताना.
पदराखालून काकांचा गळांचा डबा काढला
आणि काउंटरवर उपडा केला.
गंजाच्या भुकटीत, वाकड्या गळांसकट,
माझेच तुकडे.
चाराचे, तिनाचे.
बहुतेकांतली एखादीच गोळी खाल्लेली.

"एक दिस खायचा, दोन दिस ठेवायचा.
मना काय म्हाईत?
पावसात लागतील म्हनून ठेवल्यान."

मी तुकडे जुळवत बसले. कशाला, ते मलाही माहीत नाही.
माझ्या कात्रीचा चावा मला ओळखता येतो,
मध्यावर आली की ती जरा डावीकडे जाते.
एकाला एक लागत गेला,
आणि त्या औषधाचं नाव
पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत
मी वर्षभरात पहिल्यांदा सलग वाचलं.

बेचाळीस गोळ्या.

"ह्या धर, नि नव्या औषधातनं वजा कर."

नव्या कागदावर हे औषध नाही.
डॉक्टरांनी त्यावर काट मारलीय, ठसठशीत.
खाली लिहिलंय ते अठ्ठावन्नला एक,
दिवसाला दोन.
मी सांगितलं. दोनदा सांगावं लागलं,
दुसऱ्यांदा माझाच आवाज चढला.

पाटीकडे मी पाहिलं नाही.
त्यांनी पाहिलं. वाचता येत नाही त्यांना,
पण काय लिहिलंय ते पाठ आहे.

कमरेची पिशवी सोडली. नोटा मोजल्या,
एक परत पिशवीत ठेवली.
"चार दे."

कात्रीची सुतळी नेमकी खणाच्या कडीत गुंतली होती.
सोडवायला वेळ लागला.
तेवढ्यात काकींनी गोळ्यांच्या तुकड्यांतून
गळ तेवढे वेचले,
एकेकाचं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं
आणि डब्यात टाकले.

"हे चालतील अजून," म्हणाल्या.