ऐनाचा ओंडका

गंगापूर रोडवरच्या दालनात
ऐनाचा ओंडका आडवा ठेवलाय,
मगरीच्या पाठीसारखी साल तशीच.
ढोलीला कान लावला की
देवजी भोये बोलतो,
सुरगाण्याकडचा,
मागच्या माघात गेलेला:

"टेंभरुणीच्या झाडापून ओहळापोत.
तठून वाघदेवाचा धोंडा.
मधी नागली. दोन वरसं वरई."
मग खोकला. एक कोंबडी.
पुन्हा टेंभरुणीचं झाड.

वनपट्ट्याच्या फायलीतून
हेच सांगणं
तीनदा परत आलं होतं,
पुरावा अपुरा म्हणून.

इथे लोक चपला काढून वाकतात.

साडेआठला मंजी गावित झाडू मारते,
आणि बटण बंद करायच्या आधी
ढोलीत तोंड घालून सांगते,
"मामा, ओहळ आटलाय.
धोंडा हाये."