अकरा गुण

सप्टेंबरच्या एक तारखेला सिरिलने शपथ घेतली.
लिव्हरपूलने सहा मारले होते, आपण शून्य.
"खालच्या वर्गात गेलो की कळव," धाकट्या भावाला म्हणाला
आणि सीझन तिकिटाचं पाकीट
साखरेच्या डब्याखाली सरकवून निघून गेला.

धाकटा भाऊ म्हणजे आमचे शेजारी, ग्रेटोरेक्स.
वय एकाहत्तर, चाळीस वर्षं डर्बीच्या रेल्वे कारखान्यात.
मी कपडे वाळत घालत होते, त्यांनी कुंपणावरून विचारलं,
"तुला फुटबॉल कळतो?"
"नाही."
"उत्तम. यंदा तेच बरं."

अशी मी शिरले मेंढ्यांच्या कळपात,
छातीवर मेंढा, गळ्यात काळा-पांढरा मफलर,
सिरिलच्या खुर्चीत.

पण सतरा तारखेला, सोमवारी, न्यूकॅसलशी सामना
आणि माझी रात्रपाळी.
इस्पितळाच्या तळघरात रक्ताच्या नळ्या
यंत्रात गरगर फिरत होत्या,
तेव्हा तिकडे हजारो माणसं एकदम उठली म्हणे.
मला काही ऐकू आलं नाही.
सकाळी ग्रेटोरेक्स कुंपणापाशी, दाढीही न केलेले.
"एक-शून्य. फुटला भोपळा.
तुझ्या खुर्चीवर थर्मॉस ठेवला होता.
त्याने पाहिला गोल."

त्यानंतर घरचा एक सामना चुकवला नाही.
पाळ्या बदलून घेतल्या, कुणाकुणाचे उपकार झाले.
पाडव्याच्या दुपारी वेस्ट हॅमने पाच घातले,
ओवाळणीच म्हणायची.
मी चकल्या नेल्या होत्या.
तिसऱ्या गोलनंतर पुढच्या रांगेतला एक अनोळखी म्हातारा
मागे न बघताच डब्यात हात घालू लागला.

कॉर्नर मिळाला तरी टाळ्या.
चेंडू मैदानाबाहेर त्यांच्या पायाला लागून गेला तरी आरोळी.
मार्च संपायच्या आत खाली गेलो,
पेपर हातात पडण्याआधीच नापास,
आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तीच रांग,
तेच उकडलेल्या वाटाण्यांचे वास.
मी विचारलं, "का येता तुम्ही सगळे?"
ग्रेटोरेक्सनी जरा विचार केला.
"तू रविवारी दात घासत नाहीस?"

एप्रिलात व्हिलाचे सहा, आर्सेनलचे सहा,
मे महिन्यात रेडिंगचे चार, आणि संपलं.
ग्रेटोरेक्सनी पेन्सिलीने डायरीत बेरीज केली:
अडतीस सामने, विजय एक, बरोबरी आठ.
अकरा गुण.
"खेळाडूही अकराच," मी म्हटलं.
तळहातावर एकेक, तीर्थासारखा.
त्यांना तीर्थ समजावून सांगता सांगता
स्टेडियम रिकामं झालं.

ऑगस्टमध्ये सिरिल आला, शब्दाला जागून.
साखरेच्या डब्याखाली हात घातला.
मी काही म्हटलं नाही. ग्रेटोरेक्सही नाही,
फक्त थर्मॉसचं झाकण उगाच फिरवत राहिले.

तेरा सप्टेंबर. त्या सोमवारला वर्ष व्हायला चार दिवस कमी.
तेवढ्या काळात लीगमध्ये एकदाही जिंकलो नव्हतो.
मी घरी, विल्मोर्टनच्या गल्लीत,
मागच्या अंगणात दोरीपाशी, एक मोजा चिमट्यात,
दुसरा हातात.
पाचच्या सुमाराला छपरांवरून आला
तो आवाज.
या वेळी ऐकू आला.

"जिंकलो," मी म्हटलं,
मराठीत,
कुणालाच नाही,
आणि मोजा पुन्हा पिळला,
तो कोरडा होता तरी.