सांगता येत नाही

खताच्या दुकानावर आमचं ऑफिस.
पाटी रंगवताना गजू पेंटरचा अंदाज चुकला,
'लोकशाही' एवढं मोठं काढलं
की 'मानवी हक्क' अंग चोरून बसले
आणि 'अभ्यास केंद्र' गेलं जिन्याच्या भिंतीवर.
अर्धे लोक खालीच युरिया विचारून परततात,
उरलेले वर येतात, जातीचा दाखला मागतात.
आम्ही त्यांना पाणी देतो, मग अर्ज लिहून देतो.

चार टेबलं. एक कुलर, ज्यात पाणी आपणच भरायचं.
पाच तालुके, दोनशे अकरा गावं,
आणि नागपुरात तयार झालेला
सदतीस प्रश्नांचा, अत्यंत शुद्ध फॉर्म.

प्रश्न चौदावा :
ग्रामसभेत मत मांडताना आपणांस भीती वाटते काय?
हो. नाही. सांगता येत नाही.
योग्य रकान्यात खूण करावी.

मोहझरीच्या पोडावर जैतुबाई टेकाम
मोहफुलं वाळत घालत होती.
मी प्रश्न वाचला. पुन्हा वाचला.
मग माणसासारखा विचारला :
"बाई, सभेत बोलाले भेव लागते का?"

तिनं ओंजळभर फुलं उचलली,
तिथंच परत ठेवली,
आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

पलीकडे सरपंचबाईचा नवरा.
एक पाय फटफटीवर, एक जमिनीवर,
इंजिन बंद,
हेडलाइट मात्र भर दुपारी चालू.
"लिवा न मॅडम," तो म्हणाला,
"आमच्या इथं सबन मोकळं हाये."

मी तिसऱ्या रकान्यात खूण केली.

ती सागाच्या वळणापर्यंत सोडायला आली.
काही बोलली नाही, वळताना एवढंच :
"सव्वीस जानेवारीच्या रजिस्टरात
माह्या मालकाचा अंगठा हाये, पायजा एकडाव."
"बरं."
"थो दिवाईलेच मेला."
मग चार पावलं गेल्यावर, मागं न पाहता,
"लिवू नोका पण. पायजा फक्त."

दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला.
तीन महिन्यांनी झेरॉक्स आली, धुरकट.
अनुक्रमांक एक्केचाळीस. मेलेल्या माणसाचा अंगठा,
काळा, ठसठशीत,
आणि खाली : ठराव सर्वानुमते मंजूर.
मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला.
का ठेवला, माहीत नाही.

अहवालाच्या बैठकीत देवतळे सर म्हणाले,
"एकसष्ट टक्के 'सांगता येत नाही'.
याला उत्तर म्हणत नाहीत. वगळा."
सर वाईट नाहीत. बावीस वर्षं याच जिन्यावर
त्यांचे गुडघे झिजले.
मी म्हटलं, "सर, हेच तर उत्तर आहे."
ते म्हणाले, "आकड्याला डोळे नसतात, प्रणोती."
कुलर तेवढा घरघरत राहिला.
पाणी संपलं होतं.

अहवाल निघाला. गुळगुळीत कागद, गोल आलेख,
एकसष्ट टक्के गेले परिशिष्टात,
आमच्या पाटीवरच्या 'हक्कां'एवढ्या अक्षरात.
झेरॉक्स मी कुठंच जोडली नाही.
शब्द दिला नव्हता कोणाला.
तरीही.

पण नवीन फॉर्म छापायला गेला
त्या रात्री सरांचाच फोन आला.
"तुझा तो प्रश्न टाक. शेवटी टाक. अडतिसावा.
सर्वेक्षकानं स्वतः भरायचा."

विचारताना मागं कोण उभं होतं?

रकाने नाहीत. एक कोरी ओळ, बस.

पुढच्या चैत्रात मोहझरी. तीच फुलं, तोच वास.
जैतुबाईनं फॉर्म हातात घेतला,
वाचता येत नाही, तरी उलटून पाठ पाहिली.
"मांगं कोन उभं व्हतं, थे इचारता म्हने आता?"
"हो."
"कोठी हाये थे?"
मी कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.
तिनं बराच वेळ तिथं पाहिलं.

फटफटी होतीच,
लिंबाखाली, नवीन रंगाची.

"मंग इचार," ती म्हणाली,
"अन् आवाज करून इचार."