अंधारगुडुप

शब्दकोश उघडला दुसऱ्याच शब्दासाठी
आणि बोट थांबलं इथे:
साक्षीदाराला खोटं बोलायला लावणे.
मूळ लॅटिन, पोटातला अर्थ
गुपचूप सजवणे.

आपल्याकडे सजवत नाहीत, पढवतात.
पोपटाला, पेरूची फोड दाखवून.

पण कोट होता.
वडिलांच्या कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासाचा,
काळपट निळा, कुणाच्याच मापाचा नाही.
वडील मजमुदार वकिलांचे कारकून.
तारखेच्या आदल्या रात्री
रावपुऱ्यातल्या आमच्या खोलीत जो येई
त्याला तो घालून बघत.

त्या रात्री रामराव धायबर आला,
पाणीखात्यातला व्हॉल्व्हमन,
पहाटे चारला दांडिया बाजारचं पाणी सोडणारा.
त्याने पाहिलं होतं: खांबावरचा दिवा,
दिव्याखाली पडलेला जगू कंसारा,
आणि उभा कोण, तेही.

वडील म्हणाले, दिवा नव्हता.
रामराव म्हणाला, नव्हता.
पाणी प्यायला आणि म्हणाला, होता.

मी नऊ वर्षांची. मला स्टुलावर उभं केलं,
तू हो सरकारी वकील.
मी विचारलं, तो चुकला.
पुन्हा विचारलं, पुन्हा चुकला.
शेवटी झोप आली म्हणून मीच सांगितलं,
अहो काका, अंधारगुडुप होता म्हणा ना!
सगळे हसले. चहा गाळता गाळता आईसुद्धा.

न्यायमंदिर आधी भाजीमंडई व्हायचं होतं,
वडील दर वेळी पायरी चढताना सांगत.
मी डबा घेऊन गेले त्या दिवशीही सांगितलं.
रामराव पिंजऱ्यात, बाह्या बोटांपर्यंत.
दिवा होता का?
अंधारगुडुप होता, साहेब.

दुभाष्या अडला.
साहेबांनी पेन खाली ठेवलं,
पंखा तेवढा फिरत राहिला.
मग दुभाष्या म्हणाला, घोर अंधारुं,
आणि टाइपरायटर पुढे सरकला.

बाकावर कंसाराची बायको. तिला मराठी कळत होतं.
तिने वळून पाहिलं, रामरावकडे नाही,
हे कुठल्या लेकराचं बोलणं, ते शोधत.
मी डब्याचं झाकण लावत बसले.
ते लागलेलंच होतं.

साक्ष म्हणजे डोळ्यांसकट,
हे संस्कृतच्या तासाला कळलं, फार पुढे.

कोट परत आला दुसऱ्याच्या हाती.
खिशात टाकीच्या कोठीची किल्ली.
ती न्यायला रामराव आला नाही.
दांडिया बाजारात दोन दिवस
पाणी आलं नाही.