काटा उत्तर देईपर्यंत

साखळीच्या बाजारात, मासळीच्या शेडमागे माझं दुकान:
एक टेबल, एक पंखा, सोल्डरचा वास,
आणि भिंतीला पाठ लावून बसलेले बारा मेलेले मॉनिटर.
सत्यवान माजीक यांनी चादरीत गुंडाळून आणला तो डबा
कधीकाळी पांढरा असावा.
"चालू जाता, बाय, पूण पुराय जायना."
तक्रारीच्या रकान्यात मी हेच लिहिलं, जसंच्या तसं.

झाकण काढलं तर आत डोंगर.
तांबडी धूळ, बोटाच्या पेराएवढी,
पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या फटीत.
पिसुर्लेची खाण बंद होऊन वर्षं झाली,
इथे मात्र माल अजून शिल्लक.
ब्रशने झाडून मी वर्तमानपत्रावर घेतली.
"टाकू नका," ते म्हणाले. मग स्वतःच हसले.
"उडय गो. कितलें म्हूण सांबाळप."

रॅम काढली, खोडरबराने घासली.
घड्याळाचा सेल संपलेला, म्हणून दर वेळी उठल्यावर
त्याला वाटायचं, आज एक जानेवारी दोन हजार दोन.
नवा सेल घातला, खरी तारीख सांगितली.
त्याने मुकाट ऐकून घेतली.
एक बीप. म्हणजे जीव आहे.
लोगो आला, खाली ती निळी पट्टी
डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे,
आणि मग नाही.

हार्ड डिस्कवर स्क्रूड्रायव्हर टेकवून
मूठ कानाला लावली. खडखड नव्हती.
केबल बदलली. पॉवर सप्लाय बदलला.
सेफ मोडमध्ये ओळी भराभरा उतरत आल्या
आणि दर वेळी एकाच ओळीशी थांबल्या.
तीन दिवस मी त्या ओळीला शिव्या दिल्या.
चौथ्या दिवशी ती वाचली.

बिघाड नव्हताच. तो विचारत होता.
मागच्या पोर्टातून, काट्याला: वजन किती?
आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही,
असं त्याला कुणीतरी शिकवून ठेवलेलं.

"काटो?" माजीक म्हणाले.
"तो गॅसने कापून भंगारवाल्याने नेला. खड्डा आहे.
पावसात त्यात म्हशी बसतात."

मग मी तांब्याच्या तारेचा बोटभर तुकडा घेतला,
दुसरी आणि तिसरी पिन एकमेकींना जोडली.
आता त्याने विचारलं, वजन किती?
आणि त्याच्याच कानात आलं, वजन किती?
कुणीतरी बोलतंय, एवढं त्याला पुरलं.
पट्टी संपली. पडदा उजळला.
काळ्यावर लाल शून्यं.

माजीकांना पुरावा हवा होता पेन्शनच्या कागदांसाठी,
कुठल्या दिवसापासून कुठल्या दिवसापर्यंत
ते त्या खुर्चीत बसले, याचा.
तो सापडला. मोबाईलवर फोटो काढून घेतले.
पण ते खाली सरकत गेले, गाड्यांचे नंबर
ओठांतल्या ओठांत वाचत,
कुणी पुंडलिक, कुणी जुझे, कुणी बाबुसो,
शेवटच्या नोंदीपर्यंत:
रिकामं वजन आठ हजार तीनशे चाळीस.
भरलेलं वजन: कोरं.

"आत गेला होता भरायला. तेवढ्यात फोन आला ऑफिसातून.
तसाच बाहेर आला, माझ्याकडे न बघता."
कर्सर त्या कोऱ्या चौकटीत लुकलुकत होता.
बोट कीबोर्डवर गेलं त्यांचं, आठवर,
मग उचललं.

पैसे दिले, वर अळसांद्यांची पिशवी दिली.
"ती तार काढू नकोस," म्हणाले.
मग बंद करून पुन्हा चालू केला, स्वतःच्या हाताने,
डब्यावर तळवा ठेवून, पट्टी संपेपर्यंत.
आणि पुन्हा.
आणि पुन्हा.
बाहेर सुरमईवरून भांडण पेटलेलं,
टेम्पोवाला हॉर्न देत होता,
आणि मला, का कोण जाणे,
बास म्हणवेना.