उंदराचं वर्ष

वय विचारायचं नाही, असा इथे कायदा आहे.
म्हणून ती मुलगी हसून विचारते,
"कुठल्या प्राण्याच्या वर्षातले तुम्ही?"
उंदराच्या, मी म्हणतो.
टेबलाखाली तिची बोटं हलतात:
अठ्ठावीस, चाळीस, बावन्न...
बोटं मला दिसत नाहीत, खांदा दिसतो.
चामडं कापणाऱ्याचा खांदा बघूनच आम्हाला कळायचं
पातं घसरलं की नाही.
चौसष्टला ती थांबते.

"मीपण उंदीरच," ती म्हणते. मनापासून.
आमच्यामध्ये तीन फेऱ्या.
"कळवतो आम्ही, ग्वाक साहेब."

एकेचाळीस वर्षं सोंगसूच्या गल्लीत
जोड्यांचे वरचे भाग शिवले मी,
इंचाला अकरा टाके.
लग्नाचे जोडे, मुलाखतीचे जोडे,
एका बाईचा डावा पाय उजव्याहून अर्धा नंबर मोठा,
तिचे दर वसंतात.
तेव्हा जोडे शिवायचो. आता झिजवतो.
दोन वर्षांत तीन तळ गेले,
माझे मीच बदलले,
तेवढंच काय ते काम मिळालं.

माल्जा रविवारी केसांना रंग लावते.
मानेभोवती वर्तमानपत्र,
नेमकं नोकऱ्यांचं पान.
कानामागे एक डाग राहतोच,
तो ती थुंकी लावून पुसते,
शाळेत निघालेल्या पोराचा पुसावा तसा.
"पन्नाशीतला दिसतोस आता."
पन्नाशीतल्यांनाही घेत नाहीत
हे मी तिला सांगितलेलं नाही.

आमच्या कारखान्याचं कॉफीचं दुकान झालंय.
नाव तेच. भिंतीचं खरवडलेलं सिमेंटही तेच,
नव्याने खरवडून घेतलेलं.
आणि काचेत माझं मशीन,
वर पिवळा दिवा, पायाशी मखमल.
पोरंपोरी त्याला गाल लावून फोटो काढतात.
चाकावर जिथे माझा अंगठा टेकायचा
तिथला रंग उडालाय,
तेवढा भाग त्यांनी हौसेने तसाच राखलाय.

भांडी घासायला माणूस हवा, असं दारावर होतं.
"आमच्याकडे सगळे तरुण," मालक म्हणाला,
"तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल."
फार नम्र मुलगा. दोन्ही हातांनी कॉफी दिली,
पैसे घेतले नाहीत.
मशीन माझ्याहून दोन वर्षांनी मोठं,
कुत्र्याच्या वर्षातलं.
त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.
सुई उलटी बसवली होती त्यांनी.
मी बोललो नाही. कॉफी प्यायलो.

मग कोणीतरी जोंगनोतल्या कचेरीचा पत्ता दिला:
तिथे म्हातारेच लागतात म्हणे.
पासष्टनंतर मेट्रो फुकट, तेव्हा
फुलांचे गुच्छ, करारनामे, कुणाची नवी कवळी,
या टोकाहून त्या टोकाला हातोहात पोचवायची.
खुर्चीतला गृहस्थ माझ्याहून बराच पिकलेला.
ओळखपत्र लांब धरून वाचलं, परत दिलं.
"आठ महिने कमी पडतायत.
तुमच्या तिकिटाचा खर्च कोण सोसणार?
जरा म्हातारे होऊन या."

जिना उतरताना हसू आवरेना मला.
कामाला जून, म्हातारपणाला कोवळा,
असा मी कठड्याला धरून
पाचव्या मजल्यावरून खाली येत होतो
आणि वर चढणारा एक म्हातारा, हातात केकचं खोकं,
मला वाट करून द्यायला भिंतीशी सरकला.

या रविवारी माल्जाने रंगाची वाटी काढली.
नको म्हटलं.
वेळेवर म्हातारं व्हायचंय मला.
तिने वाटी तशीच धुतली, उपडी ठेवली.
"आणि तोवर?"

तोवर...
उद्या त्या कॉफीवाल्याकडे जाऊन
सुई सरळ करून देतो.
पैसे नकोत म्हणेन.

नाही. घेईन.