काउंटर नंबर दोन

टॉडमॉर्डनच्या शाखेत मंगळवारी गर्दी नसते.
कालव्याकडून गारठा येतो, पायपुसण्यावर थबकतो,
आणि आत येतात बेरिल ॲकरॉइड, वय चौऱ्याऐंशी,
हिरव्या कोटाची सगळी बटणं लावून.
एक चुकीच्या काजात.

"आठ हजार दोनशे. रोख."

दर मंगळवारी साठ काढणारी बाई.
साठातले पाच मांजराचे,
ते वेगळ्या पाकिटात.

कशासाठी हवेत, मी विचारलं. विचारावंच लागतं.
"बाथरूम करून घ्यायचंय,"
पाठ केलेलं, एका श्वासात.
फरशी कुठल्या रंगाची?
गप्प.

पर्स उघडी होती. आत चष्म्याचं घर, पुदिन्याच्या गोळ्या
आणि उजेड.
फोन चालू. एक तास अकरा मिनिटं,
वर सेकंद पळतायत.

स्लिपच्या मागे लिहिलं, तो ऐकतोय का?
काचेखालून सरकवली.
त्यांनी वाचली, आणि माझ्याकडे पाहिलं
चोराकडे पाहावं तसं.

मग माझंच पेन घेऊन, थरथरत्या हाताने,
पण शाळेत छडीखाली घोटलेल्या त्या वळणदार अक्षरात:
तो म्हणतो, चोर तुमच्याच शाखेत आहे.
तो म्हणतो, काउंटर नंबर दोन.

काउंटर नंबर दोन म्हणजे मी.
वृंदा घोरपडे, मूळची मिरजेची,
इथे सतरा वर्षं,
हिशोबात एक पेनी इकडची तिकडे नाही.

मी मशीन बिघडवलं. म्हणजे, बिघडलंय असं म्हटलं.
विसाच्या नोटा हाताने मोजत बसले,
चुकले, पुन्हा मोजल्या.
मागे लिंडसेने हळूच पोलिसांना फोन लावला.
तेवढ्यात पर्समधून,
"मॅडम? आर यू देअर, मॅडम?"

तो 'मॅडम'.
'ड'वर जरा जास्तच रेललेला.
आमच्या गल्लीतली पोरं नोकरीच्या मुलाखतीआधी
आरशासमोर असंच बोलायची.
कुणाच्या तरी घरचा मुलगा,
तासभर मधाचं बोट चाटवणारा.

असा फोन आला तर ठेवून द्या,
आमच्याच पत्रकात छापलंय.
मी हात पुढे केला. बेरिलबाईंनी का दिला, देव जाणे.
मी ठेवला नाही.
मराठीत विचारलं,
जेवलास का रे?

तिकडे पंखा फिरत होता.
लांब कुणीतरी कुणाला तरी 'सर' म्हणत होतं.
त्याचा श्वास. एक. दोन.
मग काहीच नाही.

त्याला मराठी येत नसेलच.
असं मी घरचा चढ चढताना ठरवलं,
आणि कुलूप उघडेपर्यंत पुन्हा मोडलं.

बेरिलबाईंनी आभार मानले नाहीत.
"तुम्ही ओळखता त्याला," म्हणाल्या. प्रश्न नव्हता.
बटण काढलं, परत लावलं,
परत त्याच काजात.

पुढच्या मंगळवारी एक नंबर रिकामा होता.
त्या दोनकडे आल्या.
साठ पौंड, त्यात एक पाचाची नोट.
मी मोजून दिले.
काचेसमोरून न हलता त्यांनी मोजले,
बोट ओलं करून, एकेक नोट उजेडात धरून,
मध्येच माझ्या तोंडाकडे बघत.
मग पहिल्यापासून.

मागे दोघं-तिघं खोळंबले, एक खाकरला.
मोजा, बाई.
सावकाश मोजा.